अल्झायमरच्या पेशंटचं वागणं बदलतं तेव्हा घरच्यांनी काय करायचं

बाबांना अल्झायमर आहे असं कळलं तेव्हा आम्हाला वाटलेलं की आता हळूहळू नावं विसरतील, चष्मा कुठं ठेवला ते विसरतील, आपण सगळे मिळून सांभाळून घेऊ. विसरण्याचा त्रास खरं सांगतो एवढा नाही झाला. त्रास झाला तो वागण्याचा. संध्याकाळ झाली की घरभर येरझाऱ्या, अंघोळीला नेलं की आरडाओरडा, माझे पैसे चोरले म्हणून कामवाल्या मावशींवर आळ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईवर संशय. ५० वर्षांच्या संसारानंतर आईला "तो माणूस कोण येतो घरात" असं विचारायचे आणि ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

हे आमच्याच घरी झालं असं नाही. भारतात साठीच्या पुढचे अंदाजे ८८ लाख लोक डिमेन्शियासोबत, म्हणजे स्मृतिभ्रंशासोबत जगतायत (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार), आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये कधी ना कधी असं काहीतरी वागणं दिसतंच. ज्या बाईवरून हा आजार जगाला कळला ना, त्या ऑगुस्टे डेटर, त्यांना १९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या दवाखान्यात आणलं तेव्हा वय होतं ५१, आणि घरच्यांना पहिल्यांदा खटकलं ते विसरणं नव्हतं, नवऱ्यावरचा संशय होता. घरातल्या वस्तू लपवून ठेवायच्या, कुणीतरी मारायला टपलंय म्हणून ओरडायच्या. डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्यांची केस मांडली. हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली म्हणजे हे आजाराचंच आहे, ह्यांच्या मनातलं नाही. तेवढ्यानंही तिला खूप आधार झाला. म्हणून सगळ्यात आधी हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, मुलांनासुद्धा. माणूस मुद्दाम करत नाहीये.

पहिलं काम : अचानक बदललं असेल तर आधी डॉक्टर

अल्झायमरमधले बदल हळूहळू येतात, महिन्या-महिन्यांनी. एक-दोन दिवसात माणूस एकदम वेगळा वागायला लागला, रात्रभर बडबड, भास, मारामारी किंवा उलट एकदम सुस्त पडून राहणं, तर तो बहुतेक वेळा आजार वाढलेला नसतो, शरीरात दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, सोडियम कमी होणं, छातीत कफ, दाढदुखी, पडल्यामुळं कुठंतरी मार, नवीन चालू केलेली गोळी. त्यांना दुखतंय हे शब्दात सांगता येत नाही, मग ते वागण्यातून बाहेर पडतं.

आमचाच किस्सा. बाबांना सर्दी झाली होती, मी मेडिकलमधून नेहमीची सर्दीची गोळी आणून दिली, आपण सगळेच आणतो तशी. दुसऱ्या रात्री बाबा उठून बसले आणि ओरडायलाच लागले, धोतर ओढतायत, जवळ गेलं की हात उगारतायत, माझ्या बायकोला तर ढकललंच. आम्ही म्हटलं झालं, आता पुढची स्टेज आली. सकाळी ओळखीचे डॉक्टर घरी आले, त्यांनी फक्त ओटीपोटावर हात ठेवला आणि म्हणाले लघवी तुंबलीये यांची. नळी घातली, पिशवी भरली आणि अर्ध्या तासात बाबा शांत झोपले. प्रोस्टेट आधीच वाढलेलं आणि त्या गोळीत क्लोरफेनिरामिन होतं, त्यानं लघवी अडकू शकते आणि अशा पेशंटचा गोंधळपण वाढतो. रात्रभर तो माणूस कळवळत होता आणि आम्ही त्याला "बाबा असं काय करताय" म्हणून रागवत होतो. ते मला आजही टोचतं.

तर मेडिकलमधून परस्पर सर्दीची, खाजेची, झोपेची कुठलीच गोळी आणू नका. सगळ्या चालू गोळ्या, अगदी आयुर्वेदिक चूर्णसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा यातलं काही गोंधळ वाढवणारं आहे का. डोनेपेझिल ही अल्झायमरवरची गोळी चालू असेल आणि रात्री भयंकर स्वप्नं पडत असतील तर गोळीची वेळ सकाळी करता येईल का हेपण विचारा. कान तपासा, मळ साचलेला असतो. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू. ज्याला ऐकू येत नाही आणि धूसर दिसतं त्याला सगळेच आपल्याविरुद्ध कुजबुजतायत असं वाटणारच.

वही ठेवा

दुसरं काम म्हणजे वही. साधी शंभर पानी. प्रसंग झाला की चार गोष्टी लिहायच्या, किती वाजले होते, त्याच्या आधी अर्ध्या तासात काय काय झालं, ते नेमकं काय बोलले किंवा केलं, आणि मग आपण काय केलं त्यानं वाढलं की निवळलं. "आज खूप त्रास दिला" असं लिहायचं नाही, त्यातून काही कळत नाही. "सहा वाजून दहा मिनिटं, कपाटातून स्वेटर काढायला गेले, परत आले ते ओरडतच" असं लिहायचं.

हे वरचं वाक्य आमच्या वहीतलंच आहे. आईवरचा संशय आम्ही तीन आठवडे लिहीत होतो आणि मग बायकोच्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक वेळी बाबा त्याच्या आधी आतल्या खोलीत गेलेले असतात. आतल्या खोलीत आईचं लोखंडी कपाट, त्याला उभा आरसा. बाबांना आता स्वतःचा चेहरा ओळखू येत नव्हता, त्यांच्या मनात ते अजून चाळिशीचे, काळ्या केसांचे. आरशात दिसायचा एक पांढऱ्या केसांचा म्हातारा, आईच्या कपाटापाशी उभा. "तो माणूस कोण" हा प्रश्न त्यांच्या बाजूनं अगदी खरा होता हो. आम्ही आरशावर आईची जुनी साडी लावली, बेसिनवरचा आरसा काढून टाकला, संध्याकाळी काचेच्या खिडकीवर पडदा ओढायला लागलो कारण अंधार पडला की काचेतपण प्रतिबिंब दिसतं. संशय शंभर टक्के गेला असं म्हणणार नाही, पण रोजचा होता तो पंधरा दिवसातून एखाद्या वेळेवर आला. औषध न वाढवता.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, त्यांच्या जागी बसून, त्यांच्या खुर्चीवर बसून खोली बघा. दारातलं काळं पायपुसणं त्यांना खड्डा दिसतं, म्हणून ते बाथरूमच्या दारात अडतात. चकचकीत फरशी ओली वाटते. टीव्हीवरची भांडणं घरात चालू आहेत असं वाटतं. खुंटीवरचा रेनकोट म्हणजे उभा माणूस.

वाद घालायचा नाही

हे बोलायला सोपं आणि करायला सगळ्यात अवघड आहे. बाबा म्हणायचे आईकडे जायचंय. माझी आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली. सुरवातीला मी सांगायचो, बाबा आजी गेली ना. आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रत्येक वेळी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं यायचं, म्हणजे मी त्यांना रोज आई गेल्याची बातमी देत होतो. नंतर मी विचारायला लागलो, आजीची आठवण आली का, ती भाकरी कशी करायची हो? मग चूल, वरचा पापुद्रा, ताक, पाच-सात मिनिटं गप्पा आणि विषय निवळला. यात खोटं काहीच नाही, त्यांना काय वाटतंय त्याला आपण उत्तर देतोय. ते काय बोलले ते दोन मिनिटात विसरतात, पण त्या बोलण्यानं वाटलेली भीती किंवा बरं वाटणं ते खूप वेळ टिकतं.

घरी जायचंय हे तर बरेच पेशंट म्हणतात, स्वतःच्या घरात बसून म्हणतात. हेच आपलं घर आहे असं पटवायला जाऊ नका. आधी बघा लघवी लागलीये का, भूक लागलीये का, थंडी वाजतेय का. मग म्हणा, हो जाऊया, चहा घेऊन निघू. चपला घाला, गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारा आणि परत या. परत आल्यावर आमचे बाबा बऱ्याचदा म्हणायचे आलो बाबा एकदाचं घरी.

चोरीचा आळ आला की पहिलं वाक्य "कुणी नाही घेतलं" असं नको. "पाकीट सापडेना का, चला शोधू" असं म्हणा आणि खरंच सोबत शोधा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात, उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा, जुन्या पॅन्टचा खिसा, देवघराच्या मागं. त्या पाठ करून ठेवा. पाकीट तसंच दुसरं आणा, आत दहा-दहाच्या नोटा. दागिने आणि कागदपत्रं मात्र आधीच बाजूला काढा. आणि कामवाल्या मावशींना सगळं समजावून सांगा, त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. आमच्या मावशी कामच सोडून चालल्या होत्या.

बोलताना समोरून जा, मागून हात लावू नका. बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन, एका वेळी एकच गोष्ट. "उठा, तोंड धुवा, नाश्ता करा, गोळ्या घ्यायच्यात" यात चार कामं झाली. उठा म्हणा आणि थांबा, मनात दहापर्यंत मोजा. आणि पाहुण्यांना दारातच सांगा की "ओळखलंत का मला?" हा प्रश्न विचारायचा नाही. आपल्याकडे प्रत्येक जण हेच विचारतो आणि मग वाट बघत हसत उभा राहतो, तो माणूस किती खजील होतो ते कुणी बघत नाही. "काका मी तुमचा भाचा, कराडहून आलोय" असं सरळ सांगावं.

संध्याकाळ

दिवेलागणीला गोंधळ वाढणं, याला इंग्रजीत सनडाउनिंग म्हणतात. मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलेलं असतं, त्यात दिवसभराचा थकवा, लांब सावल्या, आणि घरात नेमकी तेव्हाच गडबड, मुलं येतात, कुकरच्या शिट्ट्या, सिरियल. आम्ही केलं ते असं. सकाळी आठ ते नऊ ओट्यावर उन्हात बसवायचं, रोज. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास, त्याच्यावर नाही. चहा चार वाजता शेवटचा. पाचला थोडं खायला, कारण भुकेनंपण चिडचिड होते. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावायचे, साडेपाचलाच. टीव्ही बंद.

बाबा एसटीत कंडक्टर होते, निम्मी नोकरी सातारा-स्वारगेट लाइनवर गेली. सहा वाजले की ते अस्वस्थ व्हायचे, ट्रे कुठाय, वेबिल भरायचंय, हिशोब द्यायचाय डेपोत. कितीतरी दिवस आम्ही म्हणत होतो बाबा तुम्ही रिटायर झाला. मग एक दिवस मी माळ्यावरून त्यांची जुनी चामड्याची बॅग काढली, त्यात चिल्लर घातली, एक रेघांची वही आणि पेन. बाबांनी टेबलावर चिल्लर ओतली आणि एक-एकचे दहाचे गठ्ठे रचायला लागले, अंगठ्यानं नाणं सरकवायची ती जुनी पद्धत, बोटं अजिबात चुकत नव्हती. वहीत आकडे काहीही पडले होते पण रकाने सरळ होते. तास गेला. सही केली, बॅग बंद केली आणि जेवायला वाढा म्हणाले.

तुमच्या घरातला माणूस आयुष्यभर काय करत होता ते आठवा. शिक्षिका असतील तर वह्या तपासायला द्या, शिवणकाम करत असतील तर चिंध्या आणि बटणं, घर सांभाळलं असेल तर लसूण सोलणं, मटकी निवडणं, टॉवेलच्या घड्या. घडी वाकडी झाली तर त्यांच्यासमोर परत घालू नका.

अंघोळ

अंघोळीची भांडणं आमच्याकडे सहा महिने चालली. डोक्यावर तांब्या ओतला की ते घाबरायचे, म्हणजे बुडतोय असंच वाटत असणार. आता बाथरूम आधी गरम पाण्याच्या वाफेनं उबदार करतो, स्टुलावर बसवतो, खांद्यावर टॉवेल टाकलेला असतो तो काढतच नाही, त्याच्याखालून धुतो. सुरवात पायांपासून. मग त्यांच्याच हातात दुसरा तांब्या देतो, ते स्वतः ओततात. केस वेगळ्या दिवशी. "अंघोळ" हा शब्द ऐकला की नाही म्हणायचे तर आता म्हणतो चला पाय शेकू. नाहीच तयार झाले तर तासाभरानं परत, तरी नाही तर ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. आठवड्यातून दोन-तीन अंघोळी पुरतात, रोज झालीच पाहिजे हा आपला हट्ट. आणि बाईला बाईनंच, पुरुषाला पुरुषानंच घातलेली बरी, लाज शेवटपर्यंत शाबूत असते.

हात उगारला तर

एक पाऊल मागं या. मनगट धरू नका, धरलं की ते जास्त झगडतात. आवाज खाली, हात उघडे दिसतील असे. खोलीत एकच माणूस राहू दे, चार जणांनी घेरलं तर कुणीही घाबरेल. जे करायला गेलो होतो ते सोडून द्या आणि पाच-दहा मिनिटांनी दुसऱ्या कुणालातरी पाठवा. विळी, कोयता, कीटकनाशक, गॅसचा कॉक, या गोष्टी आधीच आवाक्याबाहेर ठेवलेल्या हव्यात. नंतर वहीत लिहा.

बाहेर निघून जाणं

कडी नेहमीच्या उंचीवर न ठेवता दाराच्या अगदी वर किंवा खाली बसवा, तिकडं त्यांचं लक्ष जात नाही. बाहेरून कुलूप लावून एकट्याला घरात ठेवू नका, आग लागली तर काय करणार. खिशात कार्ड, नाव आणि आपला फोन नंबर, शर्टाच्या आत शिवलेलं असलं तर उत्तम. मोबाईलमध्ये चालू महिन्यातला फोटो. टपरीवाला, रिक्षा स्टँड, वॉचमन, मंदिराचे पुजारी, सगळ्यांना सांगून ठेवा, लाजू नका. आम्ही तर सरळ एसटी स्टँडवर जाऊन सांगितलं कारण बाबा कुठं जाणार ते माहीतच होतं, आणि दोनदा तिथल्या पोरांनीच फोन करून बसवून ठेवलं. सापडले नाहीत तर शोधत बसू नका, ११२ ला फोन लावा, पोलिसात जा, चोवीस तास थांबायची गरज नसते.

शांत बसून राहणारे

ओरडणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण या आजारात खूप जणांमध्ये दिसतं ते म्हणजे काहीच न करणं, खिडकीकडे बघत बसणं. लोक म्हणतात बरं आहे, त्रास देत नाहीत. तसं सोडून देऊ नका. त्यांना सुरवात करता येत नाही, आपण हात धरून सुरू करून दिलं की बऱ्याचदा पुढं होतं. रडू येणं, जेवण तुटणं, "मी कशाला जगतोय" असं बोलणं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, डॉक्टरांना वेगळं सांगा.

गोळ्यांबद्दल

शांत करायच्या गोळ्या, म्हणजे रिस्पेरिडोन, क्वेटियापीन, हॅलोपेरिडॉल वगैरे, कधी कधी खरंच लागतात, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी परिस्थिती असेल किंवा भासांनी तो स्वतःच हाल सोसत असेल तर. पण डिमेन्शिया असलेल्या म्हाताऱ्या माणसांमध्ये यांनी स्ट्रोकचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, मृत्यूच्या धोक्याबद्दल तर अमेरिकेच्या औषध खात्यानं २००५ पासून ठळक वॉर्निंग दिलीये. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा, नेमक्या कुठल्या लक्षणासाठी देताय, किती दिवसांनी बघायचं, कमी कधी करायची. येरझाऱ्या, तेच तेच विचारणं, घरी जायचंय म्हणणं, यावर या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. सुरवातीपासूनच स्पष्ट भास होत असतील, माणसं किंवा प्राणी दिसत असतील आणि चालणं कडक, हळू झालं असेल तर ते आवर्जून सांगा, लुई बॉडी डिमेन्शिया हा वेगळा प्रकार असेल तर या गोळ्यांनी माणूस फार बिघडू शकतो. मनानं डोस वाढवायचा नाही, मनानं एकदम बंदही करायच्या नाहीत. जाताना वही न्या, आणि फोनवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात गेलं की ही माणसं अगदी शहाण्यासारखी बसतात आणि डॉक्टरांना वाटतं घरचेच वाढवून सांगतायत. व्हिडिओ डॉक्टरांसाठीच, फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही.

आणि सांभाळणारा

आईची झोप गेली, मग बीपी वाढलं, मग तीच चक्कर येऊन पडली. तेव्हा आम्ही शहाणे झालो. एकाच माणसावर हे टाकू नका, विशेषतः घरातल्या बाईवर, आपल्याकडे ते गृहीतच धरतात. पुण्यातला भाऊ नुसता फोनवर सल्ले द्यायचा, त्याला सांगितलं महिन्यातला एक शनिवार-रविवार तू इथं राहायचं. पहिल्या खेपेला रविवारी सकाळी तोच म्हणाला, मला माहीतच नव्हतं हे असं असतं. आता तो येतो. रात्रीच्या पाळ्या वाटल्यात, ज्याची पाळी नाही त्यानं दार लावून झोपायचं. अगदीच डोक्यावरून पाणी जातंय असं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. मी स्वतः एकदा रात्री दीडला १४४१६ ला फोन केलाय, बाबांवर हात उगारला गेला होता माझा, लागला नाही पण उगारला गेला होता. पलीकडच्या ताईंनी ऐकून घेतलं, मग विचारलं तुम्ही शेवटचे सलग सहा तास कधी झोपलात. मला आठवेना. दुसऱ्या दिवशी बायकोनं भिंतीवर पाळ्यांचा कागद लावला, तो अजून आहे तिथं, फ्रिजच्या शेजारी, त्यात आईचं नाव आठवड्यातून दोनदाच येतं.